निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी: ईपीडब्ल्यूच्या जुन्या खंडांबद्दल खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या कॉलेजांच्या ग्रंथालय समित्या, प्राचार्य आणि अर्थशास्त्र विभागातले सर-मॅडम

सप्रेम नमस्कार.

थेट विषयावर येतो. आपल्या भागातल्या एका कॉलेजात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कमी-जास्त सगळीकडंच हे चाललंय) पिरियॉडिकल सेक्शन रिकामा करायचं काम निघालंय. कॉम्प्युटर लॅबला जागा पाहिजे, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) टीम यायचीय, मग काढायचं काय तर जुनी बाइंडिंग केलेली जर्नल्स. निर्लेखनाची, म्हणजे ग्रंथालयाच्या दप्तरातनं कमी करायच्या पुस्तकांची, यादी तयार आहे आणि तिच्यात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे, म्हणजे आपण ज्याला ईपीडब्ल्यू म्हणतो त्याचे, साठच्या दशकाच्या शेवटापासूनचे खंड आहेत. शेरा काय, तर ‘जीर्ण, वापर नाही’. 2019 च्या पुरात हेच खंड तिथल्या शिपाईमामांनी तळमजल्यावरनं उचलून वर नेले होते, आणि आता ते किलोच्या भावानं जाणार.

मी कोण विचाराल तर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचे अकाउंट्स बघतो. एम.ए. अर्थशास्त्र केलं, नेट-सेटच्या नादात काही वर्षं गेली, प्राध्यापकी काही लागली नाही पण विषय सुटला नाही. त्यामुळं तुम्हाला शिकवायचा माझा अधिकार नाही. वाचक म्हणून बोलतोय, पटलं तर बघा.

आता ह्या साप्ताहिकाची कुंडली जरा मांडतो, कारण यादीवर सही करणाऱ्या समितीत केमिस्ट्रीचे सर पण असतात, फिजिकल डायरेक्टर पण असतात, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

जानेवारी 1949 मध्ये मुंबईत ‘द इकॉनॉमिक वीकली’ सुरू झालं. संपादक सचिन चौधरी, पैसे सेक्सरिया ह्या व्यापारी घराण्याचे. देश नुकता स्वतंत्र झालेला, योजना आयोगसुद्धा अजून जन्माला यायचा होता, आणि हा माणूस कुलाब्यातल्या आपल्या फ्लॅटवर अड्डा जमवून अर्थशास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी, समाजशास्त्रज्ञ, पत्रकार सगळ्यांकडनं लिहून घेत होता. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आणि इतरांचे भारतातल्या खेड्यांवरचे लेख आधी इथं आले आणि मग 1955 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. म्हणजे नाव इकॉनॉमिक असलं तरी जात, गाव, राजकारण हे पहिल्यापासनंच त्यात होतं. 1965 च्या शेवटी मालकांशी बिनसलं आणि साप्ताहिक बंद पडलं. दुसरं कुठलं असतं तर तिथंच कारभार आटोपला असता. पण वाचकांनी आणि मित्रांनी देणग्या गोळा केल्या, समीक्षा ट्रस्ट काढला, आणि 20 ऑगस्ट 1966 ला नावात ‘पोलिटिकल’ची भर घालून नवा अंक बाहेर पडला. चौधरी त्याच वर्षी डिसेंबरात गेले, नव्या अवताराचे जेमतेम चार महिने त्यांच्या वाट्याला आले. मग दोनेक वर्षं आर. के. हजारींनी सांभाळलं, ते रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर म्हणून गेले, आणि 1969 ला कृष्ण राज संपादक झाले ते जानेवारी 2004 मध्ये वारले तोपर्यंत. पस्तीस वर्षं एकच संपादक, आणि तो कधी टीव्हीवर भांडताना कुणाला दिसला नाही.

आता तुमच्या यादीतले खंड उघडून बघू. मी परवा परवानगी घेऊन बघितले. तपकिरी रेक्झिनचं बाइंडिंग, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पाठीवर सोनेरी अक्षरात वर्ष, खाली पांढऱ्या रंगात दाखल नंबर. आत बारीक टाइप, फोटो जवळजवळ नाहीतच, आणि पानांचे नंबर वर्षभर सलग चालतात त्यामुळं डिसेंबरपर्यंत ते हजारात जातात. काही पानांना कसर लागलीय हे खरं. पण 1971 च्या खंडात जानेवारीचे पहिले दोन अंक बघा, 2 तारखेचा आणि 9 तारखेचा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांचा दारिद्र्यावरचा लेख दोन भागात तिथं आहे. माणशी दिवसाला 2250 कॅलरी पोटात जायला 1960-61 च्या भावानं खेड्यात महिन्याला 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, आणि तेवढाही न करू शकणारे खेड्यात सुमारे 40 टक्के आणि शहरात सुमारे 50 टक्के लोक, हा हिशोब त्यांनी मांडला. त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं ‘15 × 6 = 90’ असं लिहिलंय. सहा माणसांचं घर असणार त्याचं. कुणी तरी कोल्हापूरचा पोरगा आपलं घर रेषेच्या वर का खाली ते तपासत बसलेला, आणि शेरा म्हणतो वापर नाही.

हा लेख आला आणि दोन महिन्यात देशात लोकसभेची निवडणूक झाली, ‘गरिबी हटाओ’वाली. नंतरची सगळी दारिद्र्यरेषेची भांडणं, समित्या, कार्डं, पिवळं-केशरी रेशन, ह्या सगळ्याच्या मागं कुठंतरी ती दोन आठवड्यांची पानं आहेत. पटो न पटो. मला स्वतःला कॅलरीवर गरिबी मोजणं कधीच पूर्ण पटलं नाही, माणसाला दवाखाना लागतो, पोराची फी लागते, पण भांडायला तरी मूळ कागद समोर पाहिजे का नको?

त्याच कपाटात 1973 चा खंड आहे. फेब्रुवारीत वुल्फ लाडेजिन्स्की ह्यांचा महाराष्ट्रातल्या दुष्काळावरचा रिपोर्ट. हा माणूस जपानच्या जमीन सुधारणेत काम केलेला, पुढं वर्ल्ड बँकेसाठी भारतात असलेला, तो दुष्काळी भागात फिरला आणि शंभर वर्षांत असं झालं नाही ह्या अर्थाचं शीर्षक देऊन लिहिलं. 72 चा दुष्काळ आपल्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात, सुकडी, खडी फोडायची कामं, मिलो ज्वारी. आणि रोजगार हमी तर आपल्याच शेजारची. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, तिथं त्यांनी आधी प्रयोग केला, मग दुष्काळात राज्यभर योजना झाली, 1977 ला कायदा झाला. तिचा हिशोब तपासणारे लेख परत ईपीडब्ल्यूतच, उदाहरणार्थ कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे ह्यांचा 1980 चा. कामावर खरंच कोण येतंय, बायका किती, हे बांधावर जाऊन विचारलेलं. एम.ए.ला आपण ‘रोजगार हमी योजना: गुण-दोष’ म्हणून पाच मार्काची टीप लिहितो, ती गाइडमधनं पाठ करून. गाइडवाल्यानं ती कुठनं घेतली आणि मधी काय काय गाळलं हे बघायचं तर मूळ लेखाकडंच जावं लागतं.

साखरेचं तर काय बोलावं. आपल्या जिल्ह्यात माणूस जन्मतो तो कुठल्या कारखान्याचा सभासद हे ठरूनच. बी. एस. बाविस्कर ह्यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला आणि 1968 मध्ये सहकार आणि राजकारण ह्यावर ईपीडब्ल्यूत लिहिलं. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल कसं बसतं, नातीगोती कुठं येतात, हे तेव्हाच. आज आपण एफआरपीवरनं (उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान भावावरनं) आंदोलन करतो, वजनकाट्यावर भांडतो, चेअरमनच्या नावानं बोटं मोडतो, पण ही यंत्रणा आतनं कशी चालते ह्यावर पन्नास वर्षांपूर्वी कुणी शांतपणे लिहून ठेवलंय हे आपल्या पोरांना माहीतच नाही. यंत्रमागाचं पण तेच, 1998 मध्ये तीर्थंकर रॉय ह्यांनी भारतातल्या यंत्रमागांवर लेख लिहिला, विकास म्हणायचा का विकृती असा प्रश्न घेऊन. इचलकरंजीच्या किती कॉलेजात तो कुणी वाचून दाखवलाय?

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1918 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला, तो मुंबईच्या इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. दोनच वर्षांनी, मार्च 1920 ला, माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर होते हे आपण सगळे अभिमानानं सांगतो, पण त्या लेखाबद्दल कुणी बोलत नाही. त्यात त्यांचं म्हणणं असं की जमीन लहान का मोठी हे नुसत्या एकरावर ठरत नाही, तिच्यावर भांडवल किती, हात किती ह्यावर ठरतं, नुसते तुकडे जोडून काही होणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडं वळवायला पाहिजे. मग 1962 ला अमर्त्य सेन ‘इकॉनॉमिक वीकली’त लिहितात की आकडे बघता लहान शेतात एकरी उत्पन्न जास्त दिसतंय, घरचीच माणसं राबतात म्हणून. त्यावर वर्षानुवर्षं वाद. अशोक रुद्रांनी 1968 मध्ये आकडे काढून सांगितलं की असं सरसकट दिसत नाही. करवीर, कागल, राधानगरीत आज वाटण्या होऊन होऊन जमीन गुंठ्यावर आलीय, आणि हा वाद आपल्या बांधावरचा आहे. मला विचाराल तर बाबासाहेबांचं म्हणणं अजून उभं आहे, गुंठ्यात राबणाऱ्या घराला पोटापुरतं मिळतं आणि एका पोराला एमआयडीसीत पाठवावंच लागतं, हे मी रोज पगारपत्रक करताना बघतो.

भारतातली शेती भांडवली झाली का अजून अर्धी सरंजामी आहे, हा वाद तर सत्तरच्या दशकात असा रंगला की ॲलिस थॉर्नर ह्यांना 1982 मध्ये त्याचा नुसता आढावा घ्यायला तीन अंक लागले. खरं सांगतो, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरनं गेलं. पण भांडणारी माणसं एकमेकांचे आकडे वाचून भांडत होती एवढं कळलं.

आपल्या आसपासची माणसं तर ह्या पानात जागोजाग भेटतात. कृष्णा भारद्वाज, माहेरच्या चंदावरकर, कारवारचा जन्म, लहानपण बेळगावात. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा ह्यांचं एक बारकं पण भयंकर अवघड पुस्तक 1960 ला आलं होतं, ते सचिन चौधरींनी ह्या तिशीही न गाठलेल्या बाईंच्या हातात परीक्षणाला दिलं. ते परीक्षण ऑगस्ट 1963 ला छापून आलं आणि थेट केंब्रिजच्या लोकांनी त्याची दखल घेतली. एका मुंबईच्या साप्ताहिकाच्या पानांनी बेळगावची पोरगी तिथं नेली. गेल ऑम्व्हेट अमेरिकेत जन्मल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या कासेगावला, आपण पुण्याला जाताना गाडी जिथनं जाते तिथं. जोतीराव फुल्यांवरचा त्यांचा लेख 1971 च्या ईपीडब्ल्यूत आहे, मराठीच्या बाहेर फुले फारसे कुणी वाचत नव्हते तेव्हाचा. गो. पु. देशपांडे, रहिमतपूरकडचे, नाटककार म्हणून आपल्याला माहीत, ते तिथं नुसत्या जी.पी.डी. ह्या आद्याक्षरांनी सदर लिहायचे. कलकत्त्याहून अशोक मित्रा ए.एम. नावानं लिहायचे आणि मधी जाऊन बंगालचे अर्थमंत्रीही झाले.

2002 मध्ये गोपाळ गुरूंनी (अमरावतीकडचे, पुढं 2018 मध्ये तेच ईपीडब्ल्यूचे संपादक झाले) त्यात लिहिलं की आपल्या समाजशास्त्रांमध्ये सिद्धांत मांडणारे एका जातीचे आणि माहिती गोळा करून देणारे दुसऱ्या जातीचे अशी विभागणी झालीय. मला तो लेख वाचल्यावर आपला जिल्हाच डोळ्यापुढं आला. ऊस आपला, दूध आपलं, माग आपले, मोर्चे आपले, पूर आपला. अभ्यासक येतात, बसतात, प्रश्नावली भरून घेतात, जातात, आणि लेख इंग्रजीत छापून येतो. ठीक आहे, येऊ दे. पण निदान आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं ते वाचायचा हक्क तरी आपल्याकडं ठेवा की. तो पण रद्दीत घालून मोकळं व्हायचं?

तुम्ही म्हणणार, अहो सगळं ऑनलाइन आहे. आहे, नाही म्हणत नाही. जुने अंक संगणकावर आले हे फार मोठं काम झालं. पण घरून उघडायला गेलं की पैसे मागतं, कॉलेजच्या एन-लिस्टचा (कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स उघडून देणाऱ्या सरकारी सोयीचा) पासवर्ड किती पोरांकडं आहे आणि किती जणांनी एकदा तरी वापरलाय ते तुमच्याच ग्रंथपालांना विचारा. शिवाय शोधायचं काय हे माहीत असलं तर ऑनलाइनचा उपयोग. सिद्धांत सोडा, पण पान उलटताना शेजारी भलतंच काही सापडतं, मला लाडेजिन्स्की तसाच सापडला, मी शोधत होतो दुसरंच.

आणि ‘वापर नाही’ ह्या शेऱ्याबद्दल, रागावू नका, पण वापर होणार कसा? पोराला त्या कपाटाकडं पाठवायचं कुणी? अभ्यासक्रमात संदर्भ म्हणून नाव छापलेलं असतं, वर्गात कधी अंक हातात येत नाही. उलट गेल्या काही वर्षांत प्रमोशनसाठी पेपर पाहिजेत म्हणून पैसे भरून पंधरा दिवसात छापून देणारी ‘इंटरनॅशनल’ जर्नल्स किती माजली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. यूजीसीनं ते आवरायला केअरची, म्हणजे मान्य जर्नल्सची, यादी काढली, फेब्रुवारी 2025 ला ती यादीही गुंडाळली. ज्या साप्ताहिकात छापून यायला लोक वर्षभर वाट बघतात त्याचे खंड रद्दीच्या ट्रॉलीत, आणि असल्या जर्नलची सर्टिफिकेटं फायलीत.

ईपीडब्ल्यू म्हणजे काही देव्हाऱ्यातली मूर्ती आहे असंही नाही. भाषा जड, सामान्य माणसाला वाचवत नाही, एका बाजूला झुकलेलं म्हणून उजवीकडचे लोक नेहमी नाव ठेवतात आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. 2017 ला एका बड्या उद्योगसमूहाच्या वकिलांची नोटीस आली, ट्रस्टनं लेख वेबसाइटवरनं काढायला लावला आणि तेव्हाचे संपादक परंजॉय गुहा ठाकुरता राजीनामा देऊन बाहेर पडले, तेव्हा अनेक जुन्या लेखकांनी जाहीर नाराजी दाखवली. मलाही ते पटलं नव्हतं. मात्र ह्यातनं एक गोष्ट लक्षात घ्या. वेबसाइटवरचा लेख एका मीटिंगमध्ये काढता येतो. तुमच्या कपाटातला छापील खंड कुणाच्या नोटिशीनं जात नाही, तो फक्त तुमच्या सहीनं जातो.

तर मागणं एवढंच. आत्ता ज्या यादीवर सह्या व्हायच्यात त्यातनं ईपीडब्ल्यूचे खंड वगळा. जागेची अडचण खरी आहे हे मान्य, प्रत्येक कॉलेजनं सगळं ठेवावं असं म्हणतच नाही. कुणाकडं सत्तरचं दशक पूर्ण असेल, कुणाकडं ऐंशीचं, कुणाकडं मधलेच अंक गहाळ. सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या तर ह्या भागासाठी एक सलग संच उभा राहू शकतो, तो कुठल्यातरी एका ठिकाणी उघड्या कपाटात ठेवा, कुलपात नको. करवीर नगर वाचन मंदिरासारखी 1850 पासनं चालत आलेली संस्था आपल्या गावात आहे, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, त्यांच्याशी बोला, कुणी ना कुणी तयार होईल. आणि अर्थशास्त्राच्या सर-मॅडमनी एम.ए.च्या पोरांना सेमिनारला नेटवरनं पीपीटी उतरवून आणायला लावण्यापेक्षा ह्यातला एकेक लेख द्यावा, मराठीत सांगायला लावावं, चुकत-माकत का होईना. दांडेकर-रथ द्या, बाविस्कर द्या. ऊसवाल्याच्या पोराला बाविस्कर कळायला वेळ लागणार नाही.

याद्या जुळवायचं काम आम्ही काही जुने विद्यार्थी फुकट करायला तयार आहोत, सुट्टीच्या दिवशी येऊन वर्ष आणि दाखल नंबर लिहून घेऊ. टेम्पोचं भाडं आणि हमालीचंही आम्ही बघतो, समितीनं फक्त पुढच्या मीटिंगपर्यंत यादी थांबवावी आणि तसं ग्रंथपालांना लेखी कळवावं, तोंडी नको, तोंडी सांगितलेलं ट्रॉलीवाल्यापर्यंत पोचत नाही.

कळावे,
आपला,
अर्थशास्त्राचा एक माजी विद्यार्थी, कोल्हापूर

ता.क. त्याच ट्रॉलीत खाली मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’ त्रैमासिकाचे सुटे अंकही दिसले, सुतळीनं बांधलेले. ते यादीत धरलेलेच नाहीत, म्हणजे निर्लेखनाशिवायच निघालेत. तेवढे आधी उतरवून घ्या.